घरच्या घरी मिलीओहम मीटर: १०० मिलीअँपचा करंट सोर्स आणि १०० गेनचा अँप्लिफायर

साध्या मल्टिमीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी ओहम रेंजवर ०.२-०.३ ओहम दिसतात, त्यामुळे रिलेचा कॉन्टॅक्ट, मोटरचं वाइंडिंग किंवा पीसीबीवरचा शॉर्ट नक्की कुठंय हे शोधायला तो काही कामाचा नाही. त्यासाठी मिलीओहम मीटर लागतो, आणि माझ्या मते अॅनालॉग डिझाइन शिकायला याच्याएवढं चांगलं प्रोजेक्ट नाही, कारण आत दोनच गोष्टी आहेत, एक पक्का करंट सोर्स आणि एक कमी ऑफसेटचा अँप्लिफायर (ऑफसेट म्हणजे दोन्ही इनपुट सारखी असतानाही आयसीला भासणारं चुकीचं व्होल्टेज). वस्तूतून १०० मिलीअँप सोडायचे, तिच्यावर पडलेलं व्होल्टेज १०० पट करायचं, म्हणजे १ मिलीओहमला १० मिलीव्होल्ट मिळतात, ते मल्टिमीटरवर वाचायचे.

सोल्डरिंग आयर्न तापवायच्या आधी कागदावर सर्किट काढा आणि प्रत्येक ठिकाणी किती व्होल्ट असणार ते लिहा. जिथं सगळ्यात छोटं व्होल्टेज मोजायचंय तिथं महाग पार्ट लावायचा, बाकी ठिकाणी मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जे काउंटरवर लगेच मिळतं ते चालतं. बरेच जण सगळीकडे भारी आयसी लावतात आणि मग ग्राउंडची वायर कशीही फिरवतात, त्याने काही फायदा होत नाही.

करंट सोर्स आधी. एलएम३५८ (ऑप-अँप, म्हणजे दोन इनपुटमधला फरक खूप मोठा करणारा आयसी), एक आयआरएफझेड४४एन मॉसफेट आणि सोर्स पिनपासून ग्राउंडला १० ओहम. ऑप-अँपच्या प्लस इनपुटला १ व्होल्ट दिला की तो गेट असा ढकलतो की १० ओहमवर पण १ व्होल्टच येतो, म्हणजे करंट १०० मिलीअँप, वरती लोड (१२ व्होल्ट सप्लाय आणि मॉसफेटच्या मध्ये जोडलेली मोजायची वस्तू) काहीही असो. तो १ व्होल्ट टीएल४३१ या २.५ व्होल्टच्या रेफरन्स आयसीवरून घ्या, १२ व्होल्टवरून २.२ के ने त्याला साधारण ४ मिलीअँप मिळतात, त्याच्या २.५ व्होल्टला वर १२ के आणि ५ के चा मल्टिटर्न प्रीसेट, खाली १० के, झालं. टीएल४३१ वर सवयीने ०.१ मायक्रोफॅरड चिकटवू नका, ठराविक रेंजमधल्या कपॅसिटरने तो स्वतःच ऑसिलेट करतो (व्होल्टेज सतत वरखाली होत राहतं), डेटाशीटमध्ये त्याचा ग्राफच दिलाय.

आता कोणी म्हणेल एलएम३५८ चा ऑफसेट ७ मिलीव्होल्टपर्यंत असू शकतो, एवढा रद्दी ऑप-अँप कशाला? तर इथं समोर १ व्होल्ट आहे, ७ मिलीव्होल्ट म्हणजे ०.७ टक्के आणि तेवढं प्रीसेटने निघून जातं, तापमानाने होणारा बदल डिग्रीला ७ मायक्रोव्होल्टच्या आसपास, तो १ व्होल्टपुढे काहीच नाही. हीट कमी करायची म्हणून कोणी १० ओहमऐवजी ०.१ ओहम लावला तर मात्र त्याच्यावर जेमतेम १० मिलीव्होल्ट पडणार आणि त्यात ७ ची चूक, मग सगळंच गेलं. शिवाय एलएम३५८ ची इनपुट ग्राउंडपर्यंत काम करतात, ओपी०७ हा कमी ऑफसेटचा ऑप-अँप सिंगल सप्लायवर करत नाही, म्हणून इथं तो "चांगला" असूनही नको.

१० ओहमसाठी १०० ओहमचे १ टक्कावाले दहा मेटल फिल्म पॅरलल लावा, प्रत्येकात १० मिलीअँप आणि फक्त १० मिलीवॉट, त्यामुळे कोणीच तापत नाही आणि किंमत सरकत नाही. फीडबॅकची वायर (ऑप-अँपच्या मायनस इनपुटला जाणारी) या रेझिस्टरांच्या वरच्या टोकावरूनच घ्यायची आणि रेफरन्सचा ग्राउंड त्यांच्या खालच्या टोकावरून, वाटेत कुठून तरी नाही, कारण तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीला ०.३९ टक्क्याने बदलतो आणि तो वाटेतला तुकडा तुमच्या १० ओहममध्ये मिसळतो. ब्रेडबोर्ड तर नकोच, झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) सोल्डर करून करा.

गेट म्हणजे दीड नॅनोफॅरडचा कपॅसिटर, तो थेट चालवला की एलएम३५८ ऑसिलेट करायची शक्यता खूप, आणि मल्टिमीटरवर ते कळतही नाही, सरासरी बरोबर १०० च दिसते. म्हणून गेटला सिरीज १०० ओहम, फीडबॅकच्या वायरीत १० के, आणि ऑप-अँपच्या आउटपुटपासून मायनस इनपुटला १ नॅनोफॅरड. ऑसिलोस्कोप असेल तर गेटवर लावून बघा, नसेल तर गेटच्या वायरीजवळ बोट नेल्यावर करंट हलतो का ते तरी बघा.

आता खरी गोची. या सर्किटमध्ये लोड वरच्या बाजूला, म्हणजे जवळजवळ १२ व्होल्टवर बसतो, आणि आपला अँप्लिफायर, म्हणजे एडी६२० हा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर आयसी, त्याची इनपुट प्लस सप्लायच्या १.४ व्होल्ट खालपर्यंतच चालतात. थेट जोडलं तर आउटपुट काहीतरी भलतंच येतं आणि माणूस आयसी बदलत बसतो. उपाय साधा आहे, १२ व्होल्ट आणि लोडच्या मध्ये ४७ ओहम, २ वॉट. त्याच्यावर ४.७ व्होल्ट पडतात, लोड ७.३ व्होल्टवर येतो, मधोमध. वर फुकटात अजून दोन फायदे: मॉसफेटवर १.१ वॉटऐवजी ०.६३ वॉटच उरतात, म्हणजे हीटसिंकशिवाय पण निभतं, आणि क्लिप निघून परत लागताना ऑप-अँप गेट पूर्ण उघडून बसलेला असतो तेव्हा जो झटका येतो तो २१० मिलीअँपच्या वर जात नाही.

अँप्लिफायरसाठी एडी६२० च का, चार रेझिस्टर आणि एक ऑप-अँप का नाही? १ टक्क्याचे रेझिस्टर वाईटात वाईट जुळले तर १०० गेनला कॉमन मोड (दोन्ही इनपुटवर सारखंच असलेलं व्होल्टेज) फक्त २५०० पट दबतो, ७.३ भागिले २५०० म्हणजे जवळपास ३ मिलीव्होल्ट, म्हणजे काही जोडायच्या आधीच ३० मिलीओहमची चूक. एडी६२० मध्ये तीच चूक पाव मिलीओहमच्या आत राहते. गेनचा रेझिस्टर ४९९ ओहम, सप्लायला ०.१ मायक्रोफॅरड अगदी पिनजवळ, दोन्ही इनपुटला सिरीज १-१ के. रेफरन्स पिन ग्राउंडला नाही तर टीएल४३१ च्या २.५ व्होल्टला जोडा आणि मल्टिमीटर आउटपुट व रेफरन्सच्या मध्ये लावा, म्हणजे मायनस रीडिंग पण मिळतं, ते पुढे लागणार आहे. रेंज ५०० मिलीओहमपर्यंत धरा.

वायरी चार. करंटच्या दोन क्लिप बाहेर, सेन्सच्या (व्होल्टेज मोजून एडी६२० ला देणाऱ्या) दोन आत, वस्तूला वेगवेगळ्या टेकलेल्या. झिरो बघायला करंट चालू ठेवून दोन्ही सेन्स क्लिप एकाच जागी टेकवा, एडी६२० च्या साध्या ग्रेडचा ऑफसेट १२५ मायक्रोव्होल्टपर्यंत असतो म्हणजे सव्वा मिलीओहम, तो इथं दिसेल, वजा करा. करंट बंद करून झिरो बघू नका, तेव्हा लोड १२ व्होल्टला चढतो आणि आयसी रेंजबाहेर जातो. १ मिलीओहमच्या आसपासचं मोजायचं असेल तर जोडांवरचे थर्मल मायक्रोव्होल्ट पण नडतात, त्यासाठी करंटच्या दोन वायरींत डीपीडीटी स्विच (दोन्ही वायरी एकदम अदलाबदल करणारा) टाका, उलटसुलट करून दोन रीडिंग घ्या आणि फरकाचं अर्धं करा.

करंट सेट करताना मल्टिमीटरच्या मिलीअँप रेंजवर विसंबू नका, त्या दहा रेझिस्टरांवर बरोबर १ व्होल्ट येईपर्यंत प्रीसेट फिरवा, व्होल्ट रेंज बहुतेक मीटरमध्ये जास्त अचूक असते. मग तपासायला घरच्या वायरिंगची १ स्क्वेअर एमएमची चांगल्या कंपनीची तांब्याची वायर घ्या, सेन्स क्लिप बरोबर १ मीटरवर लावा, साधारण १७ ते २० मिलीओहम आलं पाहिजे. २५ आलं तर आधी वायरवर शंका घ्या.

ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरचं वाइंडिंग मोजताना रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागतो, थांबा. आणि करंटच्या टर्मिनलवर, डीपीडीटीच्या अलीकडे, १एन४००७ उलटा लावा, कॅथोड प्लसकडे. तरी क्लिप काढायच्या किंवा स्विच फिरवायच्या आधी एलएम३५८ चं प्लस इनपुट एका छोट्या स्विचने ग्राउंड करून करंट बंद करा, कारण क्लिप खेचली की डायोड वाइंडिंगपासून तुटलेला असतो आणि सगळा झटका सेन्सच्या वायरीतून एडी६२० वर जातो.