‘लाइक’ दिसलं की सिमिली? नववी-दहावीच्या इंग्रजीत या चुका टाळा

‘आय लाइक द रेन ऑन पर्वती.’ माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या नववीतल्या एका मुलीनं या ओळीखाली पेन्सिलीनं ‘सिमिली’, म्हणजे आपली उपमा, असं लिहिलं होतं. का, असं विचारल्यावर तिनं ‘लाइक’भोवती गोल काढून दाखवला. ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ आलं की सिमिली, एवढंच तिला पाठ होतं. या वाक्यात ‘लाइक’ म्हणजे आवडणं. तुलना कशाचीच नाही.

‘ॲज’चंही तसंच. ‘रोहन इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर’ हे उंचीचं साधं माप झालं. ‘तू अगदी बाबांसारखा दिसतोस’ या वाक्यात आपण उपमा अलंकार शोधत नाही ना? सिमिलीसाठी दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी लागतात आणि त्यांच्यात एक समान गुण लागतो.

हे ओळखायचं साधन मुलांना मराठीच्या तासाला आधीच मिळालेलं असतं: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की ते मराठीच्या वहीतच राहतं, याचं मला फार वाईट वाटतं. कात्रजच्या घाटात रखडलेली पीएमपीची बस डोळ्यांपुढे आणा. ‘द बस क्रॉल्ड लाइक अ टायर्ड ऑक्स.’ बस हे उपमेय, दमलेला बैल हे उपमान, रेंगाळणं हा साधारण धर्म आणि ‘लाइक’ हा साधर्म्यवाचक शब्द. चारही हाती लागले, म्हणून ही सिमिली. ‘द बस वॉज अ टायर्ड ऑक्स’ म्हटलं की जोडणारा शब्द गेला, बस आणि बैल एकच झाले. हे रूपक, म्हणजे मेटाफर.

पण अलंकारांच्या जोड्या लावताना एका ठिकाणी पाय घसरतो, तो उत्प्रेक्षेपाशी. ‘ॲज इफ’चा अर्थ ‘जणू’, म्हणजे उत्प्रेक्षा, आणि ती उपमा नाही म्हणून मेटाफर, असा हिशोब मुलं करतात. शाळेच्या इंग्रजीत उत्प्रेक्षेला वेगळा खण नाही. ‘द हिल स्टूड ॲज इफ इट वेअर गार्डिंग द सिटी’ ही सिमिलीच धरा. शिवाय टेकडी राखण करते आहे, म्हणजे त्याच ओळीत पर्सॉनिफिकेशनही आहे, आपली चेतनगुणोक्ती. एका ओळीत दोन अलंकार सुखानं नांदतात, त्यामुळे एक सापडला की शोध थांबवू नका.

सर्वात जास्त गुण मात्र स्पेलिंगच्या भरवशावर जातात. अनुप्रास आणि यमक, इंग्रजीतले ॲलिटरेशन आणि राइम, कानाचे विषय आहेत. ‘चीअरफुल केमिस्ट’ या दोन्ही शब्दांची सुरुवात सी-एचनं होते, पण एकात ‘च’ ऐकू येतो, दुसऱ्यात ‘क’. ॲलिटरेशन नाही. उलट ‘नाइट’ म्हणजे सरदार आणि ‘नोबल’ यांची पहिली अक्षरं वेगळी, के आणि एन. तरी ध्वनी एकच, कारण के उच्चारतच नाहीत. इथे ॲलिटरेशन आहे.

यासाठी मी मुलांना एकच सवय लावते: शंका आली की ओळ देवनागरीत लिहून बघा. ‘कफ’, ‘दो’ आणि ‘थ्रू’ या तिन्हींच्या शेवटी ओ-यू-जी-एच आहे, पण असे लिहिल्यावर ते जुळत नाहीत हे लगेच दिसतं. ‘एट’ म्हणजे आठ आणि ‘लेट’ म्हणजे उशिरा, हे स्पेलिंगमध्ये दूरचे, देवनागरीत सख्खे. कवितेचं रसग्रहण लिहिताना राइम स्कीमसुद्धा अशीच काढा. फक्त व्ही आणि डब्ल्यू दोघांनाही आपण ‘व’ लिहितो, तेवढं जपा.

‘अपॉस्ट्रफी’ म्हटल्यावर मुलांना अक्षराच्या डोक्यावरचा स्वल्पविरामच आठवतो. अलंकार म्हणून अर्थ वेगळा आहे: जो समोर नाही त्याला, किंवा निर्जीव वस्तूला, थेट हाक मारणं. मुठा नदीवरच्या लकडी पुलावर उभं राहून ‘ओ मुठा, व्हाय आर यू सो सायलेंट टुडे?’ असं विचारलं, की अपॉस्ट्रफी झाली.

ऑनोमॅटोपियाच्या नावाला घाबरू नका. कडकड, किरकिर असे अनुकरणवाचक शब्द आपण दिवसभर वापरतो. तिकडे ‘बझ’ आणि ‘हिस’.

आता उत्तर लिहिण्याबद्दल. अलंकाराचं नाव लिहून पुढे जाऊ नका, नुसत्या नावावरून तुम्हाला ओळ कळली की नाही हे तपासणाऱ्याला समजत नाही. कशाची तुलना कशाशी आणि कोणत्या गुणामुळे, हे एका वाक्यात सांगा. त्या मुलीनं पुढच्या आठवड्यात बसच्या ओळीखाली लिहिलं: ‘द स्लो बस इज कम्पेअर्ड टू अ टायर्ड ऑक्स.’ त्याखाली ‘सिमिली’, आणि या वेळी ‘लाइक’भोवती गोल नव्हता.