घरामागच्या जमिनीचं रिझोनिंग निघालंय? आधी प्रेसिडेंटला बाजूला ठेवा, मग हे करा

२०२४ चं प्रेसिडेंटचं इलेक्शन झाल्यापासून अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक गोष्ट सारखी दिसतेय. कुणीतरी विचारतं की आमच्या घरामागे डेटा सेंटर येतंय किंवा चार मजली अपार्टमेंट्स येतायत, काय करू, आणि पाच-दहा मेसेज होईपर्यंत गाडी ट्रम्पवर जाते, मग एक म्हणतो हे ह्यांच्यामुळे, दुसरा म्हणतो आधीच्यांनीच करून ठेवलंय, दोघंजण रागावून ग्रुप सोडतात, आणि ज्याने विचारलं त्याला हिअरिंग कधी आहे एवढंही कुणी सांगत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तुमच्या मागच्या प्लॉटवर काय बांधता येईल ह्याचा नियम म्हणजे झोनिंग, तो बदलणं म्हणजे रिझोनिंग, आणि हे व्हाइट हाउसमध्ये ठरत नाही, ते ठरतं टाउनशिपच्या नाहीतर काउंटीच्या हॉलमध्ये, वीकडेला संध्याकाळी, आणि तिथे बसलेल्या सात-आठ जणांची नावं आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतात. ती माहीत करून घेणं हेच खरं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे नोटीस फेकू नका. जाहिरातीच्या कागदांत एक साधं पत्र येतं, त्यावर अर्जाचा नंबर, ब्लॉक आणि लॉट नंबर, तारीख आणि काय मागितलंय ते असतं. न्यू जर्सीत अर्जदाराला २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना हिअरिंगच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणजे तुमच्या हातात बऱ्याचदा दीडच आठवडा असतो. इतर राज्यांत अंतर आणि दिवस वेगळे आहेत, ते आपल्या गावाच्या साइटवर बघून घ्या. पत्राचा फोटो काढा, पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यासकट. कारण नोटिशीतली चूक ही छोटी गोष्ट नाही. व्हर्जिनियातल्या प्रिन्स विल्यम काउंटीने डिसेंबर २०२३ मध्ये मनासस बॅटलफील्ड पार्कच्या शेजारच्या साधारण २१०० एकर जमिनीवर डेटा सेंटर्सना रिझोनिंग दिलं, ती मीटिंग २७ तास चालली होती, रात्रभर लोक बोलत होते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट कोर्टाने ते रिझोनिंग रद्दबातल ठरवलं, कशावरून, तर पेपरात द्यायची जाहीर नोटीस कायद्याप्रमाणे दिली गेली नव्हती म्हणून. एवढं मोठं प्रकरण आणि मुद्दा नोटिशीचा.

आता नेमकं काय मागितलंय ते ओळखा, कारण सगळी लढाई त्यावर अवलंबून आहे. जमिनीच्या आत्ताच्या झोनिंगमध्ये जे बसतं तेच बांधायचं असेल तर त्याला बाय-राइट म्हणतात, तिथे फक्त साइट प्लॅन तपासला जातो आणि बोर्डाला ‘आम्हाला नको’ म्हणून नाकारता येत नाही. मग ‘रद्द करा रद्द करा’ ओरडण्यात तीन मिनिटं घालवू नका, अटी मागा. ट्रक कुठल्या रस्त्याने येणार, पावसाचं पाणी कुठे सोडणार, दिव्यांचा उजेड खाली वळवणार का, मधे झाडांचा पट्टा किती फूट, बांधकाम सकाळी किती वाजता सुरू होणार, जनरेटरची टेस्टिंग कोणत्या वेळी. दुसरा प्रकार व्हेरियन्सचा, म्हणजे नियमातून सूट. न्यू जर्सीत वापरच बदलायचा असेल, म्हणजे घरांच्या झोनमध्ये वेअरहाउस वगैरे, तर झोनिंग बोर्डाची ५ मतं बाजूने पडावीच लागतात, तीन विरोधात गेली की अर्ज पडला. तिसरा प्रकार रिझोनिंगचा, तिथे नियमच बदलतो, तो काउन्सिल किंवा काउंटी बोर्ड बदलतं, आणि तिथे मात्र ‘हे धोरणच चुकीचं आहे’ असं बोलायला पूर्ण वाव आहे.

हा फरक का सांगतेय, कारण व्हेरियन्सचं हिअरिंग हे अर्धं कोर्टच असतं. शपथ घेऊन बोलावं लागतं, समोरच्या साक्षीदाराला तुम्ही प्रश्न विचारू शकता, आणि बोर्ड मेंबरला बाहेर गाठून ‘जरा बघा ना आमचं’ असं म्हणणं चालत नाही, त्याने तो मेंबरच त्या केसमधून बाद होऊ शकतो. न्यू जर्सीत सह्यांचं निवेदन अशा हिअरिंगमध्ये पुरावा म्हणून धरत नाहीत, कारण सही करणाऱ्याची उलटतपासणी करता येत नाही, आणि आपले लोक नेमके दोन वीकेंड घालवून सह्या गोळा करतात. त्यापेक्षा तेवढ्यातले दहा जण प्रत्यक्ष आणा. रिझोनिंगच्या वेळी मात्र काउन्सिल मेंबरला भेटा, ईमेल करा, सह्या द्या, सगळं चालतं.

मग वॉशिंग्टनचा संबंध येतो तरी कुठे? येतो, काही ठरावीक जागी येतो, आणि त्या जागा माहीत असल्या की बाकीचा आरडाओरडा आपोआप कमी होतो. झोनिंगचा अधिकार राज्यांचा, राज्यांनी तो गावांना आणि काउंट्यांना दिला, आणि १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला मान्यता दिली, तेव्हापासून गाडी ह्याच रुळावर आहे. फेडरल सरकार मधे येतं ते असं. जमिनीवर पाणथळ भाग असेल तर क्लीन वॉटर ॲक्टखाली आर्मी कोअरचं (लष्कराच्या इंजिनिअर विभागाचं) परमिट लागू शकतं, पण सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या सॅकेट केसनंतर ती व्याप्ती बरीच आक्रसली आहे, त्यामुळे ‘वेटलँड आहे, फेडरल थांबवेल’ ह्या भरवशावर बसू नका, राज्याचा स्वतःचा वेटलँड कायदा आहे का ते बघा, न्यू जर्सीत आहे. मोबाइल टॉवर असेल तर १९९६ च्या टेलिकॉम कायद्याने गावाचे हात बांधलेले आहेत, टॉवर एफसीसीच्या (फेडरल दूरसंचार आयोगाच्या) मर्यादेत असेल तर रेडिएशनच्या कारणावरून नाकारता येत नाही, तेव्हा तिथे उंची आणि जागा ह्यावर बोला. पूररेषेचा नकाशा फेमाचा, म्हणजे फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा असतो. आणि मंदिर, मशीद, चर्च असं काही असेल तर २००० सालचा रिलुपा नावाचा कायदा आहे, धार्मिक जागेला इतरांपेक्षा वाईट वागणूक देता येत नाही. हा कायदा आपल्या मंदिरांच्या कामी येतो तसाच शेजारच्या मशिदीच्याही कामी येतो, हे लक्षात ठेवूनच बोला.

इलेक्शननंतर जे बदलतं ते बहुतेक पैशाच्या आणि फेडरल परमिटच्या बाजूला. २०१५ मध्ये ओबामांच्या काळात फेअर हाउसिंगचा एक नियम आला, हडचा (फेडरल गृहनिर्माण खात्याचा) पैसा घेणाऱ्या गावांनी भेदभाव कमी करण्याचा प्लॅन दाखवायचा असा, २०२० मध्ये ट्रम्प सरकारने तो काढला, २०२१ मध्ये बायडेन सरकारने काही भाग परत आणला, २०२५ मध्ये तो परत काढला गेला. ह्या सगळ्या खो-खोमध्ये तुमच्या गल्लीचा झोनिंग मॅप आपोआप एकदाही बदलला नाही. जुलै २०२५ मध्ये डेटा सेंटर्सच्या फेडरल परमिट्सना वेग द्यायची प्रेसिडेंटची ऑर्डर निघाली, त्यानेही काउंटीचं झोनिंग रद्द होत नाही. उलट व्हर्जिनियातल्याच लाउडन काउंटीने, जिथे जगातली सगळ्यात दाट डेटा सेंटरची वस्ती आहे, मार्च २०२५ मध्ये डेटा सेंटर बाय-राइट बांधायची सोय काढून टाकली, आता अर्ज बोर्डासमोर येतो आणि लोकांना बोलता येतं. आणि न्यू जर्सीत ‘आमच्या गावावर परवडणाऱ्या घरांचा कोटा कुणी लादला’ म्हणून जो राग आहे त्याचं उत्तर राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनमध्ये आहे, वॉशिंग्टनमध्ये नाही, ती राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या माउंट लॉरेल केसेसची, १९७५ आणि १९८३ ची, देणगी आहे आणि त्यावर राज्याने मार्च २०२४ मध्ये नवा कायदा केलाय.

पार्टीवरून कोण कुठल्या बाजूला असेल ह्याचा अंदाज बांधू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. एका लॉटवर एकापेक्षा जास्त घरं बांधू द्यायचा कायदा २०२१ मध्ये डेमोक्रॅट कॅलिफोर्नियाने केला आणि शहरांमध्ये डुप्लेक्सला मोकळीक द्यायचा कायदा २०२३ मध्ये रिपब्लिकन मोंटानाने केला. प्रिन्स विल्यममध्ये डेटा सेंटर्सच्या बाजूच्या, काउंटी बोर्डाच्या डेमोक्रॅट चेअरला २०२३ च्या प्रायमरीत तिच्याच पार्टीतल्या, डेटा सेंटर्सना विरोध करणाऱ्या उमेदवाराने हरवलं. म्हणजे ज्या शेजाऱ्याच्या अंगणातला इलेक्शनचा बोर्ड बघून तुम्ही गेले कित्येक महिने हॅलो म्हणणं सोडलंय, तोच तुमच्या बाजूने उभा राहायची शक्यता भरपूर आहे, त्याचंही बेसमेंट त्याच पाण्याने भरणार आहे. दार वाजवा. पहिलं वाक्य ‘तुम्हाला नोटीस आली का’ एवढंच ठेवा, आणि ह्या कामासाठी जो ग्रुप कराल त्याचा एकच नियम ठेवा, अर्जाचा नंबर सोडून दुसरा विषय नाही.

कागद कुठून मिळवायचे? अजेंड्यासोबत बहुतेक ठिकाणी स्टाफ रिपोर्ट असतो, प्लॅनर मंडळींनी लिहिलेला, तो आधी वाचा, त्यात शेवटी सुचवलेल्या अटी असतात आणि बोर्ड बरेचदा त्यावरच जातं. मग ट्रॅफिक स्टडी आणि स्टॉर्मवॉटर (पावसाच्या पाण्याचा) रिपोर्ट मागा. फेडरल माहितीचा कायदा इथे लागू नाही, राज्याचा लागतो, न्यू जर्सीत ओप्रा नावाचा माहितीचा कायदा आहे, टाउनशिप क्लार्ककडे फॉर्म भरायचा आणि साधारणपणे ७ कामाच्या दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील असतात. ट्रॅफिक स्टडीत पहिल्यांदा मोजणीची तारीख बघा. शाळेला सुट्टी असताना मोजलंय का, शेजारचा मंजूर झालेला पण अजून न बांधलेला प्रोजेक्ट धरलाय का. असा एक प्रश्न, पान नंबरासकट, अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा भारी पडतो.

बोलायला साधारण ३ मिनिटं मिळतात, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा असतो. मी एका हिअरिंगला मागे बसून बघितलंय, एक गृहस्थ माइकवर आले, तळमळीने बोलत होते, पण सुरुवातच देशाचं काय चाललंय इथून, पिवळा दिवा लागला तरी प्रेसिडेंटवरच, चेअरने दोनदा सांगितलं की अर्जावर बोला, आणि ज्या वळणावर त्यांच्या मुलाची स्कूल बस थांबते तिथे ट्रक वळणार आहेत हे सांगायचं राहून गेलं. त्यांच्यानंतर एक आजी आल्या, हातात आपल्या ड्राइव्हवेवरच्या साचलेल्या पाण्याचे फोटो, प्रत्येकावर तारीख, म्हणाल्या स्टॉर्मवॉटर रिपोर्टच्या अमुक पानावर लिहिलंय पाणी पूर्वेला जातं, माझं घर पूर्वेला आहे, हे फोटो रेकॉर्डला घ्या. इंजिनिअर वाकून फोटो बघायला लागला. तर तसं बोला: नाव, पत्ता, अर्जाचा नंबर, एक मुद्दा, एक पुरावा, एक मागणी. ॲक्सेंटची काळजी करू नका, लिहून आणून वाचलं तरी चालतं, आणि लिहिलेली प्रत सेक्रेटरीकडे द्या म्हणजे ती रेकॉर्डमध्ये जाते. पुढे कोर्टात गेलात तर बहुतेक वेळा जे रेकॉर्डमध्ये आहे तेवढ्यावरच भांडता येतं.

एक गोष्ट अजिबात करू नका, तिथे कोण राहायला येणार ह्यावर बोलू नका. ‘तसले लोक’, ‘भाडोत्री’, ‘बाहेरचे’ हे शब्द १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याच्या केसमध्ये गावाविरुद्धचा पुरावा होऊ शकतात, आणि हेच शब्द कधी ना कधी आपल्याबद्दलही त्याच माइकवरून बोलले गेलेत. इमारत, रस्ता, पाणी, आवाज, एवढ्यावर बोला.

व्हिसावाल्यांसाठी, कारण ही भीती हल्ली फार ऐकू येते. पब्लिक कमेंटला नागरिकत्व विचारत नाहीत, घर तुमच्या नावावर असेल तर नोटीस मिळायचा आणि बोलायचा हक्क मालक म्हणून आहेच. मत देऊ नका, आणि एच-वन-बी वर असाल तर कुठल्याही उमेदवाराला, अगदी गावच्या काउन्सिलच्या उमेदवाराला सुद्धा, पैसे देऊ नका, फेडरल कायद्याने ती बंदी आहे. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, मत नाही.

निकाल लागला की घरी जाऊन झोपू नका, घड्याळ तिथूनच चालू होतं. न्यू जर्सीत निर्णयाची नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून कोर्टात जायला ४५ दिवस, व्हर्जिनियात झोनिंगच्या निर्णयापासून ३०. वकील ह्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात शोधायला गेलात तर लँड यूजचा, म्हणजे जमीनवापराच्या केसेसचा, चांगला माणूस मिळत नाही, म्हणून हिअरिंगच्या आधीच दोघातिघांशी बोलून ठेवा, पाच-सहा घरांनी मिळून फी वाटून घेतली तर जमण्यासारखी असते. जिंकलात तरी लेखी रेझोल्यूशन (ठराव) मागून घ्या आणि बोर्डाने तोंडी मान्य केलेल्या अटी त्यात शब्दशः आल्यात का ते ताडून बघा, झाडांचा पट्टा मीटिंगमध्ये ५० फूट होता आणि कागदावर ‘योग्य तो’ झाला असं होऊ देऊ नका.

आणि जे नागरिक आहेत त्यांनी कॅलेंडरमध्ये पुढचं लोकल इलेक्शन आत्ताच टाका. व्हर्जिनियाच्या बहुतेक काउंट्यांचे सुपरवायझर विषम वर्षी निवडले जातात, तेव्हा प्रेसिडेंट बॅलटवर नसतो आणि मतदान खूपच कमी होतं, म्हणजे एका सबडिव्हिजनची मतं सुद्धा वजनदार ठरतात. प्लॅनिंग बोर्डावर तर निवडून यावं लागत नाही, बहुतेक जागा नेमणुकीच्या असतात, बऱ्याचदा पगार नसतो, आणि त्यातल्या काही रिकाम्याही असतात. टाउनशिपच्या साइटवर बोर्ड्स अँड कमिशन्सच्या पानावर अर्जाचा फॉर्म असतो, राहण्याचा पत्ता आणि थोडी माहिती एवढंच विचारतात. तो ह्या आठवड्यात भरा.