पाऊस ओसरताना शिंदळ माकुडीची निगा : ठाणे, नवी मुंबईतील बागायतदार व रोपवाटिकांसाठी

शिंदळ माकुडी (फ्रेरिया इंडिका) ही मांसल खोडाची छोटी वनस्पती जगात फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर आपसूक उगवते. तिथे पाऊस धो धो पडतो, पण खडकाच्या फटीत पाणी थांबत नाही. आपल्याकडे कुंडीत ते थांबतं, त्यात लोक पाणी धरून ठेवणारं कोकोपीट (नारळाचा भुसा) घालतात, आणि झाड बुडातून सडतं.

सप्टेंबरअखेर उघडीप मिळाली की खोड मातीलगत बोटांनी दाबून पाहा. टणक असेल तर हात लावू नका. मऊ, तपकिरी लागलं तर स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरचा भाग कापा. कापावर तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर, आतला गर स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत. 8 ते 10 सेंमीचे तुकडे सावलीत 5 ते 7 दिवस सुकवा. हवा दमट असेल तर आणखी दोन दिवस. चीक ओला असताना लावलेला तुकडा हमखास कुजतो.

मिश्रण असं : वाटाण्याहून बारीक खडी 2 भाग, भरड धुतलेली वाळू 1 भाग, चाळलेलं गांडूळखत 1 भाग. कुंडी मातीची, पसरट, 4 इंच खोल पुरे. तुकडा 2 सेंमी खोचा आणि पहिलं पाणी आठवड्याने द्या. युरिया नको, खोड फुसकं होतं. बॉक्स ग्रिलमध्ये कुंडी आतल्या बाजूला ठेवा. वरच्या मजल्याचं ठिबकणारं पाणी पावसापेक्षा वाईट.

हिवाळ्यात पानं पिवळी पडून गळतील. हा तिचा स्वभाव आहे, आजार नाही. नेमकं इथेच घाबरून पाणी वाढवतात आणि झाड घालवतात. तेव्हा तीन आठवड्यांतून एकदा, तेही थोडंच द्या.

पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटचा बोळा फिरवा, मुळंही तपासा. पानांवर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या अळ्या असतील तर फवारू नका. त्या बहुधा प्लेन टायगर फुलपाखराच्या असतात, ही वनस्पती रुईच्याच कुळातली ना! उचलून जवळच्या रुईवर सोडा.

एकाच झाडाचे तुकडे म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड. म्हणून बियांसाठी वेगवेगळ्या मूळ रोपांची झाडं शेजारी ठेवा आणि प्रत्येकावर मूळ स्रोताची चिठ्ठी लावा. परागीभवन माश्या करतात, त्यांना हाकलू नका. शेंगांची शिंगासारखी जोडी पिवळसर होऊ लागली की तिला मलमलची पिशवी बांधा, नाहीतर रेशमी झुपक्यांसकट बिया उडून जातील.

विकत घेताना जाड, वेडंवाकडं, मुळांत खडकाची कपची अडकलेलं खोड दिसलं तर ते कड्यावरून उपटलेलं समजा आणि परत करा. रोपं जास्त झाली तरी येऊरच्या डोंगरात लावू नका, ते तिचं घर नाही. दुसऱ्या बागायतदाराला चिठ्ठीसकट द्या.