मंडळासाठी फँटसी नोट काढायची तर

आमच्या नोटा-संग्राहक मंडळाच्या स्मरणनोटा, म्हणजे कधीच चलनात न आलेल्या, हौसेने छापलेल्या फँटसी नोटा, मी फोंड्याला घरी बसून आखतो. नवी मुलं विचारतात, आधी काय काढायचं? चित्र नंतर. आधी किंमत ठरवा.

१९५९ साली पोर्तुगीजांनी गोव्यात रुपियाच्या जागी एस्कुद आणला, एका रुपियाला सहा एस्कुद. म्हणून त्या मालिकेत ३० आणि ६०च्या नोटा दिसतात : जुने पाच आणि दहा रुपिया. हे गणित समजून घ्या, मग त्यात बसणारी पण कधीच न निघालेली किंमत निवडा. आम्ही ४५ घेतली, म्हणजे साडेसात रुपिया. ही खरी नोट नव्हे, हे जाणकाराला आकडा पाहताच कळतं.

खऱ्या बँकेचं नाव, अशोकस्तंभ, गांधीजींचं चित्र यातलं काहीही घालायचं नाही, आणि आकारही वेगळा ठेवायचा. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या १८२व्या कलमाखाली गुन्हा आहे. चित्रासाठी आम्ही खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली, मानस घेतली; मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीचं पाणी आतून नव्हे, बाहेरून ढकलतं आणि दारं आपोआप मिटतात. तो क्षण मी कावळ्याच्या पिसातल्या तंतूंइतक्या बारीक रेघांनी काढला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘ही चलनी नोट नाही’ हे पूर्वी आम्ही मागच्या बाजूला छापायचो. एकाने आमची नोट मागून पुठ्ठा चिकटवून फ्रेम केली आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पोर्तुगीज काळातली म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थांना विकली. ते फ्रेम घेऊन माझ्याकडे आले. मी पुठ्ठा सोडवला, ओळ वाचली, आणि त्यांनी काही न बोलता चष्मा काढला. तेव्हापासून ती ओळ पुढे, थेट ४५च्या आकड्यावरून जाते, मंडळाचं नाव आणि सालासकट. कापून टाकायची तर आकडाच जातो.

क्रमांक नंबरिंग मशीननेच घाला. पावसाळ्यासाठी पॉलिएस्टरचं पाकीट, पीव्हीसीचं नको. छपाईत बिघडलेल्या प्रती मोजून सभेत जाळा आणि आकडा नोंदवहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. गेल्या खेपेला आमच्या अकरा जळाल्या.