माळावरच्या ट्रिग पिलरला नवा रंग कसा द्यावा

ब्रिटनमध्ये डोंगरमाथ्यांवर, कुरणांत, समुद्रकाठच्या कड्यांवर काँक्रीटचे चौकोनी, वर निमुळते होत जाणारे खांब उभे दिसतात. हे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनचे नकाशे करणाऱ्या सरकारी संस्थेचे त्रिकोणन खांब, म्हणजे त्रिकोणांचे जाळे आखून जमीन मोजण्यासाठी उभारलेले, लोकांच्या तोंडी ट्रिग पिलर. ब्रिगेडियर मार्टिन हॉटिन यांनी त्यांचा आराखडा ठरवला. १८ एप्रिल १९३६ रोजी नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या कोल्ड ॲशबीच्या खांबावरून कामाला सुरुवात झाली आणि १९६२ पर्यंत देशभर सुमारे साडेसहा हजार खांब उभे राहिले. आता मोजणी उपग्रहांच्या मदतीने होते, त्यामुळे बहुतेक खांबांकडे नियमित लक्ष देणारे कोणी उरलेले नाही. पदभ्रमण करणारे गट, गावातली मंडळी, शाळांचे चमू हे काम अंगावर घेतात. त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. रंग खांबाला वाचवतो तसा मारतोही. काँक्रीट पाणी पिते आणि वारा लागला की ते बाहेर सोडते. वरून हवाबंद थर बसला तर आत शिरलेले पाणी अडकते, हिवाळ्यात गोठते, फुगते आणि खांबाच्या कोपऱ्यांचे तुकडे पाडते. त्यामुळे कोणता रंग, कोणत्या दिवशी, किती जाड आणि कुठे अजिबात नाही, हे ठरवण्यातच निम्मे काम आहे.

परवानगी

खांब ऑर्डनन्स सर्व्हेचा, त्याखालची जमीन दुसऱ्याची. शेतकरी, नॅशनल ट्रस्ट ही वारसा आणि निसर्ग जपणारी संस्था, वनखाते, स्थानिक कौन्सिल, जो कोणी जमीनमालक असेल त्याची लेखी संमती घ्या आणि ऑर्डनन्स सर्व्हेलाही कळवा. माळावर फिरण्याचा हक्क असला तरी त्यात रंगवण्याचा हक्क येत नाही. परवानगीवाचून हात लावला तर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७१ च्या मालमत्ता-नुकसान कायद्याखाली तक्रार होऊ शकते.

पुष्कळ खांब प्राचीन दफन-टेकाडांवर किंवा जुन्या मातीच्या गढ्यांवर उभे आहेत, कारण उंच जागा सगळ्यांनाच हवी होती. अशी जागा संरक्षित स्मारक असेल तर इंग्लंडमध्ये हिस्टॉरिक इंग्लंड, वेल्समध्ये कॅडू आणि स्कॉटलंडमध्ये हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे बुंध्याजवळची माती कुदळीने उकरणे तर सोडाच, खुरपीने गवत उपटणेही करू नये. जागा निसर्ग-संरक्षित असेल तर त्या खात्याची संमती वेगळी लागते. या सगळ्याला काही आठवडे जातात, म्हणून हिवाळ्यातच पत्रव्यवहार सुरू करा.

रंगवायचा की नाही

सगळे खांब काँक्रीटचे नसतात. काही ठिकाणी स्थानिक दगड रचून बांधलेले आहेत, त्यांना रंग देऊच नका. जो खांब कधीच रंगवलेला नव्हता आणि ज्याच्यावर दगडफुलाचे जुने थर धरले आहेत, तोही आहे तसा राहू द्या. दगडफूल फार सावकाश वाढते आणि एकदा खरवडले की पुन्हा येईपर्यंत पिढ्या जातात. आधीचा पांढरा रंग उडून डागाळलेला खांब हाच या कामाचा खरा उमेदवार.

खांब हलतो का, हे दोन्ही हातांनी हलके ढकलून पाहा. पायाखालची माती वाहून गेली असेल, बोट शिरेल अशी भेग असेल, किंवा खांब कलला असेल तर रंगकाम थांबवा आणि ऑर्डनन्स सर्व्हे व जमीनमालक दोघांना फोटोसकट कळवा. अशी भेग सिमेंटने बुजवू नका. नवे कडक सिमेंट जुन्या काँक्रीटपेक्षा वेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावते आणि पुढच्या थंडीत बाजूचा भाग घेऊनच निघते.

सामान

साधारण खांब १.२ मीटर उंच, तळाशी ६१ सेंटिमीटर आणि माथ्यावर सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद असतो. चारही बाजू आणि माथा धरून रंगवायचा पृष्ठभाग अडीच चौरस मीटरच्या आसपास भरतो. खडबडीत काँक्रीटवर एक लिटर रंग पाच-सहा चौरस मीटरला पुरतो. म्हणजे दोन हातांना एक लिटर लागतो. झिजलेला खांब जास्त शोषतो म्हणून दीड लिटर न्या. मोठा डबा डोंगरावर वाहू नका. घट्ट फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत रंग ओतून घ्या आणि ती दोन पिशव्यांत बांधा. कुंपण ओलांडताना पाठपिशवी आपटते आणि डब्याचे दाबाचे झाकण हमखास उडते.

रंग पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतींसाठीचा आणि वाफ बाहेर जाऊ देणारा घ्या. डब्यावर तसे लिहिलेले असते. तैलरंग, चकचकीत इनॅमल, छतावर मारायचा जलरोधक रंग यांपैकी काहीही नको. आधीचा रंग पांढरा असेल तर पांढराच द्या.

बाकी सामान असे: ७५ मिलिमीटरचा दाट ब्रश, कडेच्या कामासाठी २५ मिलिमीटरचा ब्रश, नायलॉनच्या कडक केसांचा घासायचा ब्रश, प्लास्टिकची आणि लाकडी खरवडणी, रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी, पातळ ताडपत्री, पाण्याची फवारणी-बाटली, धुळीचे मुखपट्टे, हातमोजे, चिंध्या आणि कचऱ्यासाठी जाड पिशव्या. रोलर नको. तो खळग्यांत पोचत नाही आणि वाऱ्यावर शिंतोडे उडवतो.

तारेचा ब्रश मुद्दाम यादीत नाही. त्याचे बारीक पोलादी तुकडे काँक्रीटमध्ये रुततात, गंजतात आणि काही महिन्यांत नव्या पांढऱ्या रंगातून तांबूस ठिपके वर येतात.

दिवस कोणता निवडावा

जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम मार्च ते जुलैअखेर चालतो, त्यामुळे उघड्या माळावरचे काम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या. आधीचे दोन-तीन दिवस कोरडे गेलेले हवेत. हवा आणि काँक्रीट दोन्ही किमान ८ अंश सेल्सिअसवर हवीत आणि रात्रीही पारा ५ च्या खाली जाऊ नये, कारण त्याखाली रंगाचे कण नीट एकजीव होत नाहीत आणि थर खडूसारखा भुसभुशीत राहतो. डोंगरमाथ्यावरचे तापमान पायथ्याच्या अंदाजापेक्षा दर शंभर मीटरला सुमारे अर्धा ते एक अंश कमी धरा. माथ्याचा वेगळा हवामान-अंदाज मिळतो, तोच पाहा.

सकाळी दव सुकल्याशिवाय सुरुवात करू नका. खांबाची उत्तर बाजू सगळ्यात शेवटी सुकते. तिच्यावर काळपट, गार लागणारे पट्टे दिसत असतील तर आत ओल आहे, रंग धरणार नाही.

कामाचा क्रम

१. हात लावण्याआधी चारही बाजूंचे, माथ्याचे आणि बाजूच्या धातूच्या पट्टीवरच्या क्रमांकाचे फोटो काढा.

२. ताडपत्रीला मध्यापर्यंत एक चीर देऊन ती खांबाभोवती गुंडाळून पसरा आणि कडांवर दगड ठेवा. खरवडलेला प्रत्येक पोपडा तिच्यावर पडला पाहिजे. जुन्या थरांमध्ये शिसे असू शकते आणि आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. त्यामुळे कोरडे घासू नका, सँडपेपर तर नकोच. फवारणीने पृष्ठभाग जेमतेम ओलसर करा, मुखपट्टा लावा आणि मग खरवडा.

३. सुटलेले तेवढेच काढा. जो रंग खरवडणी सपाट धरून ढकलला तरी निघत नाही, तो पक्का आहे. त्याला सोलत बसलात तर खालच्या काँक्रीटचा पापुद्राही सोबत येतो. शेवाळ नायलॉनच्या ब्रशने वरून खाली घासा. शेवाळ मारणारी रसायने माळावर वापरू नका, पावसाबरोबर ती थेट ओढ्यात जातात.

४. आता धातूचे भाग. हा टप्पा सगळ्यात सावकाश करा, कारण खांबाचा खांबपणा इथेच आहे. बाजूला साधारण १८ बाय ९ सेंटिमीटरची धातूची पट्टी बसवलेली असते. तिच्यावर बाणाची खूण, आद्याक्षरे आणि खांबाचा क्रमांक असतो. उंची मोजणारे लोक याच पट्टीच्या खाचेत आपला आधार अडकवत, आणि खाचेत रंग साचला की तो आधार नेमका बसत नाही. माथ्यावर पितळेची तीन हातांची बैठक आहे. तिच्या तीन खोबणींत थिओडोलाइटचे, म्हणजे कोन मोजण्याच्या यंत्राचे, तीन पाय बसत, त्यामुळे यंत्र दर वेळी त्याच बिंदूवर यायचे. मधल्या झाकणाभोवती ‘ऑर्डनन्स सर्व्हे’ ही अक्षरे वाचता येतात.

या दोन्हींवर जुन्या हौशी रंगकामाचे थर असतील तर ओल्या चिंधीने मऊ करून लाकडी खरवडणीच्या टोकाने काढा. अक्षरांच्या फटींसाठी बांबूची काडी चांगली. धातूला पॉलिश करून चमकवू नका. त्याच्यावरचा हिरवट-तपकिरी थर त्याचे रक्षण करतो, आणि चमकणारे पितळ चोरांच्या नजरेत भरते. मग कडेला चिकटपट्टी लावा. काँक्रीट थोडेही ओले असेल तर पट्टी धरत नाही, म्हणून आधी ती जागा चिंधीने पुसून वाऱ्यावर सुकू द्या.

बाजूंना आरपार दिसणारी भोके असतील तर ती बुजवू नका आणि आत रंगही जाऊ देऊ नका.

५. तळहात खांबावरून फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर पृष्ठभाग सुटा आहे. चिकटपट्टीचा तुकडा दाबून झटक्याने ओढा. पट्टीला काँक्रीटचे कण चिकटून आले तर पाण्यात मिसळणारे, पृष्ठभाग घट्ट करणारे अस्तर फक्त त्या भागावर पातळ द्या. सगळ्या खांबाला सरसकट अस्तर दिले तर श्वास घेण्याची क्षमता कमी होते.

६. अर्धा-पाऊण तास सुकू द्या. तेवढ्यात ताडपत्रीवरचे पोपडे पिशवीत भरा आणि ताडपत्री झटकून नव्हे, घडी घालून पुन्हा पसरा.

७. पहिला हात पातळ. रंगात दहा ते पंधरा टक्के पाणी घाला, म्हणजे तो खळग्यांत शिरेल. ब्रश आडवा-उभा फिरवून, खळग्यांत टोचल्यासारखा मारा. वरून खाली या. ऊन ज्या बाजूवर थेट पडते ती बाजू टाळा आणि सावलीमागे सरकत जा. तापलेल्या काँक्रीटवर रंगाची वरची साय आधी धरते, आत पाणी राहते आणि संध्याकाळपर्यंत फोड येतात. जोराच्या वाऱ्यातही असेच होते.

जमिनीला टेकलेली शेवटची दोन सेंटिमीटर कोरी सोडा. तिथे माती कायम ओल देते. रंग मातीपर्यंत नेला की ओल थराखालून वर चढते आणि पोपडे खालून सुटायला लागतात. अर्धवट सोललेले बहुतेक खांब बुंध्यापासूनच बिघडलेले दिसतात.

८. दुसरा हात चार तासांनी, पाणी न घालता. घाई करायची नाही, पण दुपारी तीन-चारच्या आत तो संपला पाहिजे, म्हणजे रात्रीचे दव पडण्याआधी थर घट्ट होईल. वेळ पुरत नसेल तर दुसरा हात दुसऱ्या दिवसावर टाका. ओल्या थरावर दव पडले की चिकट, पिवळसर ओघळ उतरतात आणि ते पुसून जात नाहीत. तिसरा हात नको, जाडी वाढवून टिकाऊपणा वाढत नाही.

९. चिकटपट्टी रंग पुरता सुकण्याआधी, हलकी ओढून, तिरकी काढा. पूर्ण सुकल्यावर काढली तर कडेचा रंग तिच्यासोबत फाटून येतो.

१०. दोघे जण रंग हाताला लागेनासा होईपर्यंत तिथेच थांबा. गुरे आणि मेंढ्या या खांबांवर अंग घासतात. लोकरीला लागलेल्या रंगाचे नुकसान शेतकऱ्याच्या माथी येते. जवळ वासरांसह गाई आल्या तर मात्र खांब सोडून तुम्हीच लांब जा.

आवराआवर

ब्रश ओढ्यात किंवा झऱ्यात धुऊ नका. ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळले तर दिवसभर मऊ राहतात, घरी धुवा. पोपड्यांची पिशवी शिशाच्या शंकेमुळे कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या, घरच्या डब्यात टाकू नका. खांबाचा क्रमांक, तारीख, रंगाचे नाव आणि किती हात दिले याची नोंद फोटोंसह ठेवा आणि तिची एक प्रत जमीनमालकाला द्या, म्हणजे पुढच्या गटाला खालचा थर कोणता आहे हे कळेल.

पुढच्या वसंतात एकदा जाऊन बुंधा आणि उत्तर बाजू तपासा. एखादा पोपडा सुटला असेल तर तेवढाच भाग खरवडून, सुकवून एक हात द्या. पूर्ण खांब पुन्हा रंगवायला पाच-सहा वर्षे तरी जाऊ द्या. दरवर्षी थरावर थर चढवले तर वाफ बाहेर पडण्याची वाट बंद होते.