वनस्पतीच्या अर्काचं टेस्टिंग करताय? या चुका टाळा

अर्क काढला, डीपीपीएचला (अँटीऑक्सिडंट टेस्ट) मस्त रिझल्ट आला, एमटीटीत (सेल्स जिवंत आहेत का ते बघायची टेस्ट) कॅन्सरच्या सेल्स मेल्या, जीसी-एमएसने (कंपाउंड उडवून, वेगळी करून मासवरून ओळखणारं मशीन) तीसेक कंपाउंडची नावं दिली, झालं, "वनस्पतीत औषधी गुणधर्म आढळले" असं कन्क्लुजन लिहून लोक मोकळे होतात. पण यातला प्रत्येक आकडा फसवा असू शकतो, आणि तो तसा आहे का हे बघायला लागतो ब्लँक, म्हणजे सगळं सेम करायचं पण एक गोष्ट घालायची नाही, कधी वनस्पती, कधी डीपीपीएच, कधी सेल्स. बहुतेक गडबड इथेच होते म्हणून तिथूनच सुरू करते.

जीसी-एमएसचं माझ्याबाबतीतच झालेलं सांगते. पानांच्या मेथॅनॉल अर्कात एक मोठा पीक (ग्राफवरचा उंचवटा) आला, मास 149, मशीनच्या लायब्ररीने (ओळखीच्या कंपाउंडच्या डेटाबेसने) थॅलेटचं नाव दिलं आणि मॅचही चांगला होता. मी रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे "अँटीबॅक्टेरियल" असंही लिहून टाकलं, कारण तसे पेपर खरंच सापडतात. मग गाईडने एवढंच विचारलं, सॉल्व्हंट ब्लँक कुठाय? तेच मेथॅनॉल, तीच प्लास्टिकची बाटली, तोच सिरिंज फिल्टर घेऊन पानं न घालता रन केलं तर पीक तिथल्या तिथे, उंचीही जवळपास तेवढीच. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात ते केमिकल, पानाचा काही संबंध नाही. तसंच 207 आणि 281 मास दिसले तर आधी मशीनच्या कॉलममधून (आतली नळी) किंवा सेप्टममधून (इंजेक्शनच्या जागेचं बूच) सुटणाऱ्या सिलिकोनवर संशय घ्या. काचेची भांडी वापरा आणि ब्लँक रन केल्याशिवाय लायब्ररीची यादी उघडूच नका.

आणि हो, लायब्ररी मॅच म्हणजे ओळख पटली असं नाही. अल्केन स्टँडर्ड लावून रिटेन्शन इंडेक्स (कंपाउंड कॉलममधून किती वेळाने बाहेर येतं त्याचा आकडा) काढा, जमलं तर शुद्ध कंपाउंड शेजारी रन करा. शिवाय जीसीमध्ये दिसतं फक्त उडणारं. ग्लायकोसाइड, टॅनिन, मोठे सॅपोनिन त्यात तसेच दिसत नाहीत, त्यांच्यासाठी एलसी-एमएस लागतं, म्हणजे न उडवता द्रवातच वेगळं करणारं मशीन. पामिटिक अॅसिड तर जवळपास कुठल्याही पानात मिळेल, ते सापडलं म्हणून औषध सापडलं असं होत नाही.

आता रंगांचं. डीपीपीएच 517 नॅनोमीटरला वाचतात, पण अर्क स्वतःच गडद असला की त्याचा रंगही रीडिंगमध्ये मिसळतो, म्हणून अर्क अधिक सॉल्व्हंट पण डीपीपीएच नाही असा एक वेगळा वेल (प्लेटमधला खळगा) प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला लावा आणि ते रीडिंग वजा करा. फिनॉल मोजायच्या फोलिन टेस्टचंही तेच, ती फक्त फिनॉलला रंग देत नाही, व्हिटॅमिन सी, रिड्यूसिंग साखर, काही प्रोटीन सगळ्यांनाच देते, त्यामुळे गॅलिक अॅसिडच्या हिशेबात आलेला आकडा म्हणजे सगळं फिनॉलच असं धरू नका.

एमटीटी तर जास्त फसवतं. जिवंत सेल्स एमटीटीचं जांभळं फॉर्मेझान करतात म्हणून आपण रंग मोजतो, पण पॉलिफिनॉलने भरलेला अर्क सेल्स नसतानाही तेच करतो! म्हणजे मेलेल्या सेल्स जिवंत दिसतात. सेल्स न घालता मीडियम, अर्क आणि एमटीटी असा वेल लावला की कळतं काही गडबड आहे का. एमटीटी घालायच्या आधी अर्काचं मीडियम काढून सेल्स धुवून घेतल्या तरी बराच फरक पडतो. अर्क विरघळवायचं सॉल्व्हंट डीएमएसओ शेवटी 0.5 टक्क्याच्या आत ठेवा, तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही घाला, आणि नॉर्मल सेल्स लावायला विसरू नका, नाहीतर जे सगळ्यांनाच मारतं त्याला आपण अँटीकॅन्सर म्हणून बसतो.

एन्झाइम इनहिबिशन, म्हणजे अर्काने एन्झाइमचं काम थांबणं, सगळीकडेच भरपूर येत असेल तर टॅनिनकडे बघा. टॅनिन प्रोटीनला चिकटून त्याचा साका करतं, मग कुठलाही एन्झाइम बंद पडणारच. पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी पावडर) टॅनिन काढून परत टेस्ट करा.

डोसचा हिशेब कुणी करतच नाही. 1 मिलिग्रॅम पर मिलीला इफेक्ट आला असं लिहितात, पण माणसात साधारण 5 लिटर रक्त असतं, म्हणजे ती पातळी यायला 5 ग्रॅम अर्क एका वेळी, अख्खाच्या अख्खा, रक्तात उतरायला हवा. म्हणून क्रूड अर्काचा एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारी सगळ्यात कमी मात्रा) 100 मायक्रोग्रॅम पर मिलीच्या खाली असेल तरच मी पुढे जायचा विचार करते.

वनस्पतीची ओळख हा तर जिवाशी येणारा विषय. बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या गोळ्यांत स्टेफानियाच्या जागी अॅरिस्टोलोकिया गेलं, दोघांची चिनी नावं सारखी, आणि शंभरावर लोकांच्या किडन्या खराब झाल्या, नंतर काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. बोलीतल्या नावावर कधीच जाऊ नका, हर्बेरियम नमुना (दाबून वाळवलेली वनस्पती) ठेवा, नंबर लिहा, पावडर असेल तर टीएलसीवर (प्लेटवर कंपाउंड वेगळी करून दाखवणारी टेस्ट) ओरिजिनलशी जुळवून बघा.

उलटी चूकही होते, आणि तिचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्यात चांगली वनस्पती फुकट जाते. आर्टेमिसिया अॅनुआ या वनस्पतीच्या अर्काचे मलेरियावरचे रिझल्ट आधी कमी-जास्त येत होते. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथात वाचलं की ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायचा, उकळायचं कुठे लिहिलेलंच नव्हतं. उष्णतेनेच गुण जात असेल असं धरून त्यांनी 35 अंशाला उकळणारं ईथर वापरलं आणि 1971 मध्ये त्या अर्काने उंदरांमधला मलेरिया पूर्ण घालवला. त्यातल्या आर्टेमिसिनिन या औषधासाठी त्यांना 2015 चं नोबेल मिळालं. तेव्हा "अॅक्टिव्हिटी नाही" लिहायच्या आधी सॉक्सलेटचा (गरम सॉल्व्हंटने काढलेला) अर्क बाजूला ठेवून तीच पावडर थंडच भिजवून बघा, सावलीत वाळवलेली घ्या, रोटाव्हॅपचा (सॉल्व्हंट उडवायचं मशीन) बाथ 40 अंशांच्या वर नेऊ नका, निदान दोन वेगळ्या पोलॅरिटीचे सॉल्व्हंट लावा, आणि उरलेली पावडर उणे 20 ला ठेवून द्या म्हणजे परत करायची वेळ आली तर तोच लॉट हाताशी असेल.