इंग्रजी वाक्यात जागा चुकते कुठे? या चुका टाळा

घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी असं बोलणारी मुलं सोलापुरात काही कमी नाहीत. पण तीन भाषा लीलया बोलणारा इंग्रजीपाशी अडखळला, की दोष शब्दसंग्रहाला देतो आणि रोज वीस नवे शब्द पाठ करायला बसतो. तिथं हमखास वेळ वाया जातो. मराठी, कन्नड, तेलुगू या तिन्ही भाषांत क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं आणि कर्म त्यानंतर. म्हणजे तिन्ही भाषांची सवय इथं एकाच बाजूला ओढते.

'मल्लूनं बसूला बोलावलं' हे 'बसूला मल्लूनं बोलावलं' असं फिरवलं तरी अर्थ तोच, कारण 'नं' आणि 'ला' शाबूत आहेत. 'मल्लू कॉल्ड बसू' फिरवा, बोलावणाराच बदलतो. आपल्याकडे विभक्ती जे काम करते, ते इंग्रजीत जागा करते. त्यामुळे सराव शब्दांपेक्षा जागांचा हवा.

क्रियापद आणि कर्माच्या मध्ये शब्द घुसवणं

'आय लाइक व्हेरी मच शेंगा चटणी' चूक. 'आय लाइक शेंगा चटणी व्हेरी मच' बरोबर. 'आय यस्टरडे वेंट टू पुणे' हेही खटकतं. 'यस्टरडे' सुरुवातीला टाका नाहीतर शेवटी: 'आय वेंट टू पुणे यस्टरडे.' आधी ठिकाण, मग वेळ. मराठीत आपण 'काल पुण्याला' म्हणतो, म्हणून इथं घसरायला होतं.

प्रश्नातली उलटापालट

'व्हाय यू आर लेट?' असं विचारणारेच 'टेल मी व्हेअर इज सात रस्ता' (सोलापुरातला चौक) म्हणतात. दोन्ही नेमकं उलटं. सरळ प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी: 'व्हाय आर यू लेट?' प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम साधा: 'टेल मी व्हेअर सात रस्ता इज.'

'इट'ची जागा

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप', 'आउट' असा छोटा शब्द जोडून झालेला नवा अर्थ. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच.

'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पण 'फॅन'च्या जागी 'इट' आलं की निवड संपली: 'टर्न इट ऑफ' एवढंच बरोबर. 'टर्न ऑफ इट' कधीच नाही. तसंच 'पिक मी अप', 'फिल इट इन'.

मग सगळीकडेच मध्ये घालायचं का? नाही. 'लुक फॉर इट', 'लुक आफ्टर हर' हे तुटत नाहीत. ओळखायचं कसं? शिकणाऱ्यांसाठीची ऑक्सफर्ड डिक्शनरी उघडा. 'पुट समथिंग ऑफ' असं छापलेलं असेल तर कर्म मध्ये बसतं. 'लुक आफ्टर समबडी' असेल तर शेवटी. ही सोय समोर असून बहुतेक जण फक्त अर्थ वाचून पान मिटतात.

'पुट'ची लांबलचक यादी पाठ करण्याच्या मी साफ विरोधात आहे. 'पुट ऑन', 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' एका दमात घोकले की परीक्षेपुरते राहतात आणि तोंडात एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा प्रसंग धरा. सकाळी निघताना: 'वेक अप', 'पुट ऑन', 'लॉक अप'. प्रत्येक वाक्य आधी नाम घालून, मग 'इट' किंवा 'देम' घालून मोठ्यानं म्हणा: 'पुट ऑन युअर शूज. पुट देम ऑन.' मनातल्या मनात नको, जिभेला वळण लागायला हवं.

जादाचे शब्द

'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ' यांतले 'अबाउट', 'बॅक', 'अप' काढून टाका. ऑफिसच्या मेलमध्ये 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' सर्रास दिसतं. तिथं 'मीटिंग यू' हवं, कारण हा 'टू' वेगळा आहे, त्याच्यानंतर नाम किंवा 'इंग'वालं रूप येतं.

आणि मुलाखतीत 'आय पास्ड आउट इन 2022' म्हणताना जरा जपून. आपल्याकडे कळतं, पण परदेशी माणूस तुम्ही बेशुद्ध पडला होतात असं समजू शकतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा.